वखार आळीची सामाईक भिंत

जुन्या घराच्या दुरुस्तीला बोलावणारं गिऱ्हाईक पहिल्या भेटीत हमखास खोटं बोलतं. ‘काही नाही हो बाई, थोडंसं काम आहे, जाता जाता बघून जा.’ जाऊन बघावं तर आढं वाकलेलं, वाशांना वाळवी, आणि घरातली मंडळी अशी निवांत चहा पिताहेत की जणू छप्पर शेजाऱ्याचं आहे. डॉक्टरकडे जाऊन ‘जरा अंग मोडून आलंय’ म्हणणारे आणि हे, एकाच माळेचे मणी. रत्नागिरीत मी आयुष्यभर याच मण्यांची माळ ओढली.

सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि जुन्या घरांची डागडुजी हाच धंदा धरला. सरकारी नोकरी एक दिवस केली नाही, तरी गावभर माझं नाव पडलं ‘ओव्हरसीअरबाई’. साडी खोचून कौलांवर चढणारी बाई बघायला सुरुवातीला लोक जमायचे. पुढे डोळ्यांना सवय झाली. मग खाली उतरले की चहा विचारायला लागले, आणि शेवटी तर ‘बाई, वर आहातच तर आमची डिश जरा फिरवा, मॅच दिसत नाही’ इथपर्यंत मजल गेली. मी फिरवून द्यायची. डिश फिरवली की पुढच्या वर्षी कौलं परतायचं काम आपल्याकडेच येतं.

ज्यांना आमच्याकडची घरं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं जुनं घर म्हणजे जांभा. खाणीतून चिरा काढला की मऊ असतो, हत्याराने तासता येतो, मग वारा लागून लागून घट्ट होतो. त्याच्या अंगभर भोकं. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात प्यायलेलं सगळं वाऱ्याला परत देतो. पथ्य एकच, त्याचं नाकतोंड दाबायचं नाही. म्हणून जुनी माणसं त्याला चुन्याचा गिलावा करत किंवा उघडाच ठेवत. पुढे मुंबईचा पैसा आला, मग कुवेत-दुबईचा आला, आणि उघडा जांभा म्हणजे गरिबी असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आधी सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट, आणि हात आणखी सैल झाला की वर गुळगुळीत लाद्या. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. ही चूक दुसरीकडचा माणूस करणार नाही, कारण त्याच्याकडे जांभाही नाही आणि घरावर इतका जीवही नाही.

राजापूरला एका गृहस्थांकडे गेले होते. मुंबईहून निवृत्त होऊन आलेले, मोठे हौशी. भिंत पणजोबांच्या वेळच्या चिऱ्याची. त्यावर यांनी सिमेंट केलं, आणि सिमेंटवर मुंबईहून आणलेल्या लाद्या लावल्या. लाद्यांवर चित्र कसलं? जांभ्याचं! मी म्हटलं, ‘अहो, आत खरा आहे की!’ तर म्हणाले, ‘खरा जरा गावठी दिसतो हो बाई.’ मी चहा न घेता निघाले. कोकणात चहा नाकारला म्हणजे काय समजायचं ते त्यांना बरोबर समजलं.

पण माझ्या धंद्यातली जी गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही ती वखार आळीची आहे. ही आळी गावातून खाडीकडे उतरते. मचव्यांतून मीठ, कौलं, नारळ उतरायचे त्या काळात इथे खाली वखारी आणि वर राहती घरं होती. आता वखारीत कुणाची पिठाची गिरणी, कुणाची जाळी ठेवायची खोली. निम्मी घरं मुसलमानांची, निम्मी हिंदूंची, आणि भांडणं सगळ्यांची सारखी. घरं एकमेकांना चिकटून उभी. दोन घरांत मिळून भिंत एकच, तिला आम्ही सामाईक भिंत म्हणतो. एकाचे वासे या अंगाने टेकलेले, दुसऱ्याचे त्या अंगाने. त्यामुळे मधलं एक घर काढलं की शेजारची दोन्ही कलंडतात, आणि त्यांच्या मागून बाकीची.

आळीच्या तोंडाची दोन घरं आधीच गेली होती. त्यातल्या एकाच्या जिन्याला सागवानी कठडा होता, त्याची मला अजून चुटपुट लागते. तिसऱ्या घराला तेव्हापासून लोखंडी टेकू. आणि एका बिल्डरचा माणूस दर आठवड्याला येऊन सांगायचा, ‘सगळी आळी एकत्र द्या, लिफ्टवाली बिल्डिंग देतो.’ मुंबईला असलेल्या मुलांना ते पटत होतं. इथे राहणाऱ्या म्हाताऱ्यांना पटत नव्हतं, पण नाही म्हणायची हिंमतही होत नव्हती.

शिमगा झाला आणि एका सकाळी दत्ताभाऊ भाटकर माझ्या दारात. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आवाज असा की घाटात हॉर्न वाजवायची गरज पडली नसेल.

‘बाई, थोडंसं काम आहे.’

‘थोडंसं म्हणजे किती?’

‘भिंत जरा पोट काढून उभी आहे. माझी आणि हलीमाभाभीची मधली.’

हलीमाखाला म्हणजे शेजारच्या घरातली विधवा. नवरा तांडेल होता, समुद्रातच आयुष्य गेलं त्याचं. मुलगा इम्तियाज कुवेतला. घरात ती एकटी. तिच्या दाराला नगरपालिकेची धोकादायक घराची नोटीस लागली होती. पावसाच्या आत भिंत नीट करा, नाहीतर घर रिकामं करून उतरवा. हे घर पडलं की दत्ताभाऊंचं जाणार, आणि मग आळी उरत नाही. बिल्डरच्या माणसाला काहीच करायचं नव्हतं. त्याने फक्त पावसाळ्याची वाट बघायची.

मी दोन्ही घरांत जाऊन भिंतीवर हातोडीच्या दांड्याने टकटक करत फिरले. चांगली भिंत ठणठणीत बोलते. ही बोलत नव्हती, खोकत होती. खालाच्या अंगाने खालपासून वरपर्यंत हिरव्या फुलांच्या लाद्या, दत्ताभाऊंच्या अंगाने काळं ग्रॅनाईट. वर दोन छपरांच्या मधली पन्हळ फुटलेली. त्या पन्हळीतून किती पावसाळे पाणी भिंतीत उतरत होतं कोण जाणे, आणि दोन्हीकडून तिचं तोंड बांधलेलं. भिंत फुगणार नाही तर काय करणार?

मी नोटीस देणाऱ्या साहेबांना भेटले. तरुण माणूस, कडक पण सरळ. मी म्हटलं, भिंत वाचते, मी वाचवून दाखवते. ते म्हणाले, ‘बाई, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती कोरड्या असतात. काम करा, मी अडवत नाही. पण मी आषाढात येणार. तेव्हा ती ओली दिसली तर घर उतरवायचा आदेश त्याच दिवशी निघेल.’ बोलणं चोख होतं, मला आवडलं.

आता खालाला सांगायचं होतं. तिने चहा आणि सांदण पुढे ठेवलं. मी सांगितलं, पन्हळ बदलू, फुगलेले चिरे काढून पुन्हा बसवू, पण त्याआधी दोन्हीकडचं सगळं उतरवून भिंतीला वारा द्यावा लागेल.

‘म्हंजे इम्तियाजच्या लाद्या काढायच्या?’

‘काढायलाच हव्यात, खाला.’

ती उठली आणि पदराने एक लादी पुसायला लागली. ‘कुवेतला गेला नि पयल्या सुट्टीला आला तवा लावल्यान. दिवसभर मिस्त्रीच्या बाजूला उभा होता. म्हणाला, अम्मी, तुझा घर म्हालासारखा दिसल. पोरगा तिकडे हाय गो बाय. हितं माझ्याजवळ त्याच्या लाद्याच हायत. त्या पण काढून नेतंस तर मना काय ऱ्हायला?’

शहाण्या बाईने इथे गप्प बसावं. मी कसली शहाणी! मला वाया जाणाऱ्या भिंतीचा राग येतो, आणि राग आला की जीभ हातोडीसारखी चालते. ‘खाला, छप्पर डोक्यावर आलं तर लाद्या येणार नाहीत धरायला! तुमच्या या मायेनेच भिंत गुदमरून मरतेय!’

तिने माझ्यापुढची सांदणाची ताटली उचलली. मग शांतपणे म्हणाली, ‘चहा संपव, नि ऊठ.’

मी चहा संपवला आणि उठले.

एकटीचं घर असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण भिंत सामाईक, संकट सामाईक, तेव्हा म्हटलं सगळी आळीच एकत्र बसवू. आळीची सभा भरवणं हे भिंत बांधण्यापेक्षा अवघड काम. पहिली सभा मी शुक्रवारी दुपारी ठेवली, अर्धी आळी नमाजाला. दुसरी ठेवली संध्याकाळी, तर लोक जमताहेत तोवर मिरकरवाडा बंदरातून निरोप आला की ट्रॉलर लागलेत, सुरमई उतरतेय. उरलेली आळी पिशव्या घेऊन पसार! मी आणि चार रिकाम्या खुर्च्या. तिसऱ्या वेळी दत्ताभाऊंनी वेळ ठरवली आणि आळीत उभं राहून एकदाच हाक मारली. सगळे आले. बिल्डरचा माणूसही आला, न बोलावता. खाला आली नाही, पण तिची खिडकी उघडी होती.

तासभर नुसता गलका. कोण म्हणे लिफ्ट बरी, गुडघे गेलेत. कोण म्हणे फ्लॅटमध्ये मासळी सुकवायची कुठे? एकीने विचारलं, ‘आणि गणपतीला सगळे मुंबईकर आले की त्या दोन खोल्यांत काय एकावर एक रचायचे?’ मी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘एक सांगा. पावसात कुणाकुणाच्या घरात भिंतीला घाम येतो?’

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले.

ओल ही आमच्याकडे घरातली झाकायची गोष्ट. सोयरीक जुळवायला माणसं आली की ओल्या भिंतीला कपाट लावायचं, नाहीतर देवाचं मोठं कॅलेंडर. प्रत्येकाला वाटत होतं हे आपल्याच नशिबी आलंय. शेवटी गिरणीवाल्या काकी उठल्या. ‘माझ्या माजघराला येतो. मी वास्तुशांत पण करून घेतली दोनदा.’ पलीकडून एक चाचा म्हणाले, ‘आमी तावीज बांधला व्हता.’ मग हात वर व्हायला लागले. एक, दोन, आणि मग सगळेच. हिंदूंचे, मुसलमानांचे, भाडेकरूंचे सुद्धा. माणसं एकमेकांच्या वर झालेल्या हातांकडे बघून हसायला लागली. इतकी वर्षं प्रत्येकाने जे लपवलं ते प्रत्येकाच्याच घरात होतं!

बिल्डरचा माणूस टाळी वाजवून म्हणाला, ‘मी काय सांगत होतो? सगळ्यांच्याच भिंती गेल्यात. पाडा आणि सुटा.’

तिथेच तो चुकला. दत्ताभाऊ तडकले. ‘ताप आला म्हणून माणसाला कोण जाळतं काय रे मेल्या?’

ते तसेच घरात गेले. आम्हाला वाटलं रागावून गेले. बाहेर आले ते छिन्नी आणि हातोडा घेऊन, आणि सगळ्यांसमोर ओटीवरच्या ग्रॅनाईटवर पहिला घाव घातला. आतून वहिनी धावत आल्या, ‘अहो, माझ्या भावाने दिलेलं आहे ते!’

‘तुझ्या भावाला सांग, दगड परत ने. घर माझं मला दे!’

आळी हसली, पण दत्ताभाऊ हसत नव्हते. कपाळाच्या शिरा ताठल्या होत्या. दगड मेव्हण्याचा, पण तो बसवण्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. मुलीच्या लग्नाआधी पाहुण्यांत मान राहावा म्हणून लावलेलं होतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माजघरातलं सामाईक भिंतीवरचंही खाली आलं. मागचं सिमेंट सोललं आणि सगळ्या घरात कुबट वास सुटला. भिंत काळीठिक्कर. चैत्राचं ऊन बाहेर भाजत होतं आणि चिऱ्यांतून पाणी पाझरत होतं.

उंबऱ्यात कुणीतरी आलं म्हणून बघितलं तर हलीमाखाला. माझ्याशी ती बोलत नव्हती. सरळ भिंतीपाशी गेली आणि तिने तळवा टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला. हात काढला तेव्हा मनगटापर्यंत ओघळ आला होता.

‘ही पलीकडून माझीच भिंत ना?’

‘तुमचीच, भाभी,’ दत्ताभाऊ म्हणाले.

‘मी रोज तिकडून पुसत व्हते नि ही हितं रडत व्हती.’ मग माझ्याकडे वळली. ‘काढ माझ्या पण. पण हळू काढ गो. फोडू नको.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज नाही.

सिमेंटात बसलेली लादी अख्खी काढणं म्हणजे खेकड्याच्या नांगीतून मांस काढण्यासारखं आहे. आळीतल्या बायका बसल्या. मोठे घाव घालायचे नाहीत, कडेकडेने सिमेंट पोखरत जायचं. तरी निम्म्या फुटल्याच. दर वेळी ‘टक’ वाजलं की सगळ्या खालाकडे बघायच्या आणि ती दुसरीकडे बघायची. मध्येच तिने इम्तियाजला व्हिडिओ कॉल लावला. तो तिकडून ओरडायला लागला, ‘अम्मी, हे काय चालवलंय? मी म्हटलं ना, देऊन टाक घर, फ्लॅट घेऊ! एकटी आहेस, रात्री छप्पर आलं तर मला कळणार तरी कधी?’ तो ओरडत होता ते काळजीने, हे सगळ्यांना कळत होतं. खालाने फोन फिरवून भिंतीसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरून बोटं ओढली. बोटांतून पाणी टपकलं.  मग पलीकडून आवाज आला, ‘हे मी केलं?’

‘तू मायेने केलंस, लेकरा. आमाला कुनालाच ठावं नव्हतं.’

अख्ख्या निघालेल्या लाद्या तिच्या न्हाणीत लावल्या. तिथे पाण्याचंच राज्य, लादी तिथे शोभते. आता ती आंघोळीला जाते तेव्हा म्हणते, इम्तियाजकडे जाऊन येते.

भिंत उघडी केली आणि महिनाभर नुसता वारा दिला. लोकांना हे काम वाटेना. ‘बाई, सुरू कधी करणार?’ मी म्हणायची, ‘सुरू आहे, वारा कामाला लावलाय.’ तोवर आळीने चुना धरला. कळीचा चुना विरवायचा, त्यात वाळू मळायची, आणि ओला ठेवून मुरू द्यायचा. हे काम आता फारसं कुणी करत नाही. राजापूरकडचा एक जुना गवंडी मी शोधून आणला, त्याने शिकवलं. चुन्याची राखण पाळीपाळीने. ज्याची पाळी त्याने सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आणि घमेल्यात वरखाली करायचं. कुणाची पाळी चुकली की दत्ताभाऊंचा आवाज खाडीपलीकडे भाट्यात ऐकू जायचा.

खरी धास्ती पुढे होती. दोन्ही छपरांना टेकू देऊन आम्ही फुगलेले चिरे काढले, आणि वरची तुळई उघडी पडली. जिच्यावर दोन्ही घरांचा भार, तिचं भिंतीतलं टोक ओलीने कुजून भुगा झालेलं. बोटाने दाबलं की बोट आत.  अख्खी तुळई बदलायची तर दोन्ही घरांची छपरं उतरवावी लागणार, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. मृग तोंडावर आलेला. बिल्डरचा माणूस त्याच दिवशी डोकावला, तुळई बघितली, आणि ‘कशाला जिवाशी खेळता’ म्हणून हळहळून गेला.

मी डोक्याला हात लावून ओटीवर बसले. खाला म्हणाली, ‘होडीचा कणा कुजतो तवा काय अख्खी होडी फेकतात? माझा नवरा तर मिरकरवाड्यात नेऊन सांधून आणायचा.’

अरे हो की! दुपारी होड्या बांधणारा सुतार आला. त्याने तुळईला वाकून बघितलं, नखाने लाकूड खरवडून पाहिलं, आणि म्हणाला, ‘होईल.’ कुजकं टोक कापलं, चांगल्या लाकडाला लांब तिरका काप दिला, नव्या सागाच्या तुकड्याला तसाच उलटा काप, आणि दोन्ही एकमेकांत बसवून आरपार खिळे. लाटांवर आपटूनही जो सांधा सुटत नाही त्याला घराचं छप्पर म्हणजे काय? मी पुस्तकात असा सांधा घरासाठी कधी बघितला नव्हता. हिशोब मात्र मी करून बघितला. भार पेलत होता.

तुळई बसली आणि मग चिरे चढायला लागले. गवंडी चुना पसरायचा, मी ओळंबा धरायची, आणि चिरे हातोहात. आळीत रांग लागायची, गिरणीच्या दारापासून खालाच्या माजघरापर्यंत. पन्हळ नवी, उतार खाडीकडे. मृगाच्या आधी भिंतीवर चुन्याचा पातळ हात फिरला आणि टेकू निघाले. शेवटचा टेकू काढताना सगळे वर बघत होते. छप्पर जागचं हललं नाही. दत्ताभाऊंनी हाताने भिंत थोपटली, जसं गाडी थांबल्यावर बॉनेट थोपटायचे.

मग वाट बघणं. ज्येष्ठ गेला, आषाढ आला. ओव्हरसीअरबाईला जन्मात पहिल्यांदा पावसाची इतकी भीती वाटली. चुना पुरता वाळला असेल ना, पन्हळीचा जोड धरेल ना, या विचाराने मला जेवण जाईना. रोज सकाळी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने मी आळीत. पण भिंतीला हात लावायचा नाही असा खालाने नियम केला होता. ‘दर घडीला कुनी आजारी माणसाची नाडी बघत नाय. ऱ्हाऊ दे तिला.’ आणि कुणी लावला नाही.

साहेब आले ते ऐन कोसळत्या दिवशी. आळीतून लाल पाण्याचा लोंढा खाडीकडे चाललेला, समोरचं घर दिसत नव्हतं. हातात छत्री, तिच्याखाली पांढराशुभ्र शर्ट कोरडा, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली. ते खालाच्या माजघरात शिरले आणि त्यांच्या मागे आळी शिरली. ज्यांना आत जागा नव्हती ते पडवीत, बाकीचे आपापल्या दारांत छत्र्या घेऊन उभे. बिल्डरचा माणूसही आला होता, आतल्या दाराशी.

साहेबांनी भिंतीकडे बघितलं. चुना रंगाने एकसारखा नसतो, कुठे फिका, कुठे दाट. बिल्डरचा माणूस लगेच म्हणाला, ‘तो डाग बघा साहेब, ओलच ती.’ साहेबांनी बोट टेकवलं, पण बोट पावसाने भिजलेलं. त्याचाच ओला ठसा उठला. 

‘बोटाने काय कळनार?’ खाला पुढे झाली. तिने स्टूल भिंतीला लावलं. ‘बसा. पाठ टेका नि चहा घ्या.’

‘चहा नको मावशी, मी कामावर आहे.’

‘मी पन घर वाचवायच्या कामावर हाय. बसा.’

साहेब बसले. एक क्षण ताठ राहिले, मग पाठ टेकली. खालाने आल्याचा चहा दिला, बशीसकट. त्यांनी फुंकर मारत घोट घोट घेतला. माजघरात एवढी माणसं, पण कौलांवरच्या पावसाशिवाय कसला आवाज नाही. इतका लांबलेला चहा मी आयुष्यात बघितला नाही. माझं सगळं शिक्षण, सगळी वर्षं, आळीतली सगळी घरं त्या एका पाठीमागे अडकली होती. 

साहेबांनी कप खाली ठेवला आणि उठले. खाला म्हणाली, ‘फिरा.’

ते फिरले. खाला चष्मा सारखा करून जवळ गेली. तिने त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला, खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश फिरवला, जसा मुलाच्या अंगावरून फिरवावा. मग वळून तिने आमच्याकडे बघितलं. आवाज खणखणीत होता.

‘कोरडी!’

‘कोरडी!’ दत्ताभाऊ असे गरजले की साहेब दचकले. पडवीतल्यांनी ते उचललं, पडवीतून आळीत गेलं, दारादारातून, गिरणीतून, खिडक्यांतून. कुणी छत्र्या टाकून दिल्या. म्हातारे चाचे, गिरणीवाल्या काकी, सुट्टीला आलेले मुंबईकर, सगळे. खाडीपर्यंत उतारावर आवाज उतरत गेला. धो धो पावसात नखशिखांत भिजलेली आमची आळी ‘कोरडी, कोरडी’ म्हणून ओरडत होती.